डोंगर विकून आलेले पैसे : गोव्याच्या लोहखनिजाचा हिशेब

१० सप्टेंबर २०१२ रोजी गोवा सरकारने राज्यातल्या लोहखनिजाच्या खाणी तात्पुरत्या बंद केल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने उत्खननाबरोबर वाहतूकही थांबवली. पावसाळा संपून खाणींचा मोसम सुरू व्हायच्या त्या दिवसांत मांडवी आणि जुवारी नद्यांवरच्या बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी, जेटीला बांधलेल्याच राहिल्या, उसगाव-तिस्क आणि कुडचडे-सावर्डे पट्ट्यातले टिप्पर घरांसमोर उभे राहिले, आणि वर्षाअखेर राज्याच्या सकल उत्पादनाचा आकडा खाली आला. खाणबंदीने गोव्याचे किती नुकसान झाले, हे सांगताना पुढची अनेक वर्षे हाच आकडा पुढे केला गेला. वास्तविक बंदी आली तेव्हा डोंगरातले खनिज डोंगरातच राहिले होते. ते चोरीला गेले नव्हते, कुजलेही नव्हते. मग त्या वर्षी बुडाले ते नेमके काय, आणि त्याआधीच्या वर्षांत ‘कमावले’ म्हणून जे मांडले गेले त्यातली खरी कमाई किती, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

पोर्तुगीज काळात दिलेल्या खाणींच्या सवलती, म्हणजे गोव्यात ज्यांना आजही ‘कन्सेशन’ म्हणतात ते हक्क, मुदतीचे नव्हते, जवळजवळ कायमचेच होते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी ते तसेच चालू राहिले. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून ते रद्द केले आणि मुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २० डिसेंबर १९६१ पासून, त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाल्याचे मानले. पहिल्या नूतनीकरणाची मुदत २२ नोव्हेंबर २००७ ला संपली, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नंतर, २१ एप्रिल २०१४ रोजी दिला. त्यानंतरचे सगळे उत्खनन बेकायदा ठरले. या तारखा इथे मांडण्याचे कारण असे की, ज्या काळात पट्ट्यांचा कायदेशीर पाया निघून गेला होता, नेमका त्याच काळात खनिजाचा भाव चढला.

गोव्याचे खनिज बहुतांशी कमी प्रतीचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे मुख्य गिऱ्हाईक जपान होते आणि जपानी पोलाद कारखान्यांशी वर्षाचे भाव ठरवून व्यवहार होत असे. २००३ नंतर चीनच्या पोलाद भट्ट्यांनी हा व्यवहार बदलून टाकला. चीनमध्ये पोचवलेल्या चांगल्या प्रतीच्या खनिजाचा भाव २०११ च्या सुरुवातीला टनाला १८० डॉलरच्या वर गेला होता. गोव्याच्या हलक्या मालाला अर्थातच त्यापेक्षा कमी दर मिळायचा, पण पूर्वी जो माल कोणी विचारत नव्हता त्यालाही गिऱ्हाईक लाभले. शतकाच्या आरंभी वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास असलेली निर्यात २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांच्या घरात गेली. दहा टनी टिप्परच्या हिशेबाने हे पन्नास लाख खेपांचे खनिज होते, तेही ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात आणि मुख्यतः डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या भागांतून. टनभर खनिज काढायला अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो, तो वेगळाच.

खंड आणि पगार

खाणीतून निघालेल्या एका टनाच्या विक्रीतून जे पैसे येतात त्यांचे तीन भाग करायला हवेत. पहिला भाग खर्चाचा : ड्रिलिंग, डिझेल, धुलाई प्रकल्प, टिप्परचे भाडे, बार्ज, मुरगाव बंदराबाहेर उभ्या मोठ्या जहाजावर माल चढवण्याचा खर्च आणि या सगळ्यांत राबणाऱ्या माणसांचे पगार. दुसरा भाग खाणमालकाने गुंतवलेल्या भांडवलावरच्या रास्त नफ्याचा. हे दोन्ही वजा केल्यावर जे उरते ते ना कष्टाचे फळ असते, ना भांडवलाचे. जमिनीत ते खनिज होते म्हणून ते मिळाले. मराठी अर्थशास्त्रात याला ‘खंड’ हा शब्द फार पूर्वीपासून आहे आणि कूळ मालकाला जो देतो तोही खंडच, त्यामुळे तो इथे नेमका बसतो. फरक एवढाच की कुळाने खंड दिला तरी शेत तिथेच राहते, खाणीच्या खंडाबरोबर मात्र शेतही थोडे थोडे निघून जाते.

डिझेलसारखी विकत घेतलेली सामग्री सोडली तर सकल उत्पादनाच्या गणनेत हे तिन्ही भाग एकत्र येतात, आणि सकल आकड्यातून घसारा वजा करायचाच नसतो. यंत्राची झीज निव्वळ आकड्यात तरी वजा होते. डोंगराची झीज तिथेही वजा होत नव्हती. त्यामुळे ज्या वर्षी जास्त खोदले ते वर्ष समृद्धीचे आणि ज्या वर्षी खोदणे थांबले ते वर्ष मंदीचे दिसले. २०१२ च्या बंदीने जे खरोखर बुडाले ते पहिल्या भागातले उत्पन्न होते. बँकेचे कर्ज काढून टिप्पर घेतलेल्याचा हप्ता थकला, बार्जवरच्या खलाशाचा पगार थांबला, गॅरेज आणि रस्त्यावरची खाणावळ ओस पडली. ही हानी खरी होती, कारण त्या वर्षीचे श्रम पुढच्या वर्षासाठी साठवून ठेवता येत नाहीत. राज्य सरकारला कर्जदार टिप्परवाल्यांसाठी मदत योजना आणावी लागली ती त्यामुळेच. खंडाचा भाग मात्र बुडाला नव्हता, तो पुढे ढकलला गेला होता. खाणअवलंबितांच्या मोर्चांत आणि त्यांच्या विरोधकांच्या पत्रकांत या दोन गोष्टींची जी सरमिसळ झाली, तिच्यामुळे वाद वाढला आणि हिशेब मागे पडला, असे माझे मत आहे.

घट मोजायची कशी

खनिज-घटीची, म्हणजे खोदल्यामुळे कमी झालेल्या साठ्याची, किंमत काढण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि दोन्ही गोव्याला लावून पाहण्यासारख्या आहेत. पहिली पद्धत अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांच्या १९३१ च्या मांडणीतून पुढे आली. तिच्या सरळ रूपात वर्षभरातला सगळा खंड हीच त्या वर्षीची घट धरतात. दुसरी पद्धत जागतिक बँकेत काम केलेले इजिप्शियन अर्थतज्ज्ञ सालाह एल सेराफी यांची. त्यांचे म्हणणे असे की, सगळाच खंड भांडवल मानला तर ज्याच्याकडे खनिज आहे आणि ज्याच्याकडे नाही त्यांच्या उत्पन्नात काहीच फरक उरत नाही, आणि हे वास्तवाला धरून नाही. म्हणून खंडातला एक भाग गुंतवून ठेवावा, असा की खाण संपल्यावर त्या गुंतवणुकीच्या व्याजातून उरलेल्या भागाइतकी रक्कम कायम मिळत राहील. गुंतवायचा हा भाग म्हणजे घट, उरलेला म्हणजे खरे उत्पन्न. खाणीचे उरलेले आयुष्य ‘न’ वर्षे आणि व्याजाचा दर ‘व’ असेल, तर घटीचा वाटा एक भागिले (१+व) चा (न+१) वा घात इतका येतो.

पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत, कोणत्याही एका खाणीचे ते नाहीत. टनाला ३,००० रुपये भाव मिळतो, खर्च १,००० रुपये येतो आणि रास्त नफा २०० रुपये आहे असे समजू. खंड झाला १,८०० रुपये. साठा ४० कोटी टन आहे आणि वर्षाला ४ कोटी टन काढले जातात, म्हणजे आयुष्य दहा वर्षे. वर्षाचा खंड ७,२०० कोटी रुपये. पहिल्या पद्धतीने घट ७,२०० कोटी. दुसऱ्या पद्धतीने ५ टक्के दर धरला तर घटीचा वाटा ५८ टक्क्यांच्या थोडा वर, म्हणजे सुमारे ४,२१० कोटी. दर १० टक्के धरला की तीच घट सुमारे २,५२० कोटींवर उतरते आणि ३ टक्के धरला की ५,२०० कोटींपर्यंत चढते. डोंगर तोच, टिप्परही तेवढेच, बदलला तो फक्त कागदावरचा एक दर. खनिजाच्या घटीवर बोलणाऱ्याने आपला आकडा सांगताना वटाव दर, म्हणजे हिशेबात धरलेला हा व्याजदर, आधी सांगावा, असा आग्रह धरायला हवा तो यासाठी.

आता उत्खनन निम्म्यावर आणू, वर्षाला २ कोटी टन. आयुष्य वीस वर्षे होते, वर्षाचा खंड ३,६०० कोटी आणि ५ टक्के दराने घटीचा वाटा सुमारे ३६ टक्के, म्हणजे १,२९० कोटींच्या आसपास. उत्खनन निम्मे झाले, पण घट एक-तृतीयांशाहून खाली आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात गोव्यासाठी वर्षाला २ कोटी टनांची कमाल मर्यादा घातली ती पर्यावरणाच्या वहनक्षमतेचा विचार करून. तिचा हिशेबी परिणामही असा आहे, आणि खाणींवरच्या चर्चेत तो क्वचितच येतो.

या पद्धतींची मोठी अडचण साठ्यात आहे. जमिनीत किती आहे हे भूगर्भशास्त्र सांगते, पण त्यातले काढण्याजोगे किती हे बाजारभाव सांगतो. गोव्यात हे डोळ्यांसमोर घडले. जपानी व्यापाराच्या काळात ज्या प्रतीचा माल टाकाऊ म्हणून डंपवर, म्हणजे खाणीजवळच्या ढिगांवर, टाकला जायचा, त्याच डंपांना चीनच्या मागणीने किंमत आली आणि काही ठिकाणी डंप पुन्हा उकरून माल निघाला. म्हणजे भाव चढताच वहीतला साठा वाढतो, आयुष्य लांबते आणि सूत्रातली घट कमी दिसते. त्याच वेळी टनामागचा खंड वाढलेला असल्यामुळे ती जास्तही दिसते. हे दोन्ही परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात. साठ्यातली वाढ उत्पन्नात धरायची की नाही, हा प्रश्न १९८९ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या इंडोनेशियावरच्या अभ्यासातही आला होता. रॉबर्ट रेपेट्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ ते १९८४ या काळातली इंडोनेशियाची वर्षाला ७.१ टक्क्यांची वाढ तेल, जंगल आणि माती यांची घट वजा करून ४ टक्क्यांवर आणली. पण नव्या तेलसाठ्यांची भर त्यांनी उत्पन्नात धरल्यामुळे काही वर्षांत सुधारलेला आकडा मूळ आकड्यापेक्षाही वर गेला. हिशेबाच्या दृष्टीने साठ्यातली भर वेगळ्या रकान्यात दाखवणे हेच मला सुरक्षित वाटते. उत्पन्नात ती आली की एका चांगल्या भावाच्या वर्षात दहा वर्षांची झीज झाकली जाते.

खंड कोणाकडे गेला

घट किती झाली हा एक प्रश्न, आणि तिची भरपाई मालकाला मिळाली का हा दुसरा. खनिजाची मालकी राज्याची, राज्य हे जनतेच्या वतीने विश्वस्त. २०१९ च्या राष्ट्रीय खनिज धोरणातही खनिज हा सामाईक वारसा आहे आणि राज्य त्याचे विश्वस्त आहे, असेच म्हटले आहे. ऑगस्ट २००९ पर्यंत लोहखनिजावरची रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या खनिजाबद्दल राज्याला मिळणारी रक्कम, टनामागे ठराविक रुपयांत होती आणि सर्वांत उंच प्रतीलाही ती टनाला ३० रुपयांच्या आतच होती. भाव डॉलरमध्ये उड्या मारत असताना राज्याचा वाटा रुपयांत बांधलेला राहिला. ऑगस्ट २००९ मध्ये रॉयल्टी मूल्याच्या १० टक्के झाली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये १५ टक्के. वरच्या उदाहरणात ३,००० रुपयांच्या टनावर जुन्या पद्धतीने राज्याला जे मिळत होते ते १,८०० रुपयांच्या खंडाच्या दोन टक्क्यांनाही पोचत नव्हते.

न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाने २०१२ मध्ये गोव्यातल्या बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५,००० कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे म्हटले. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो आणि अनेकदा खनिज-घटीची किंमत म्हणूनही वापरला जातो. तो वापर चुकीचा आहे. आयोगाने पाहिले ते परवानगीशिवाय काढलेल्या आणि निर्यात झालेल्या मालाचे मूल्य. कायदेशीर रीतीने काढलेल्या टनातूनही डोंगर तेवढाच कमी होतो, आणि बेकायदा टनाच्या विक्रीमूल्यात डिझेल आणि पगारही असतात. कायद्याचा हिशेब आणि घटीचा हिशेब यांची बेरीज एकच नसते.

२१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीमूल्याच्या १० टक्के रक्कम एका कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला. हा निधी शाश्वत विकास आणि पुढच्या पिढ्यांचा वाटा यांसाठी असेल, असे त्यात म्हटले आहे. भारतात खनिजाच्या विक्रीतला वाटा पुढच्या पिढ्यांच्या नावाने बाजूला काढण्याचा हा महत्त्वाचा टप्पा होता. पण त्या १० टक्क्यांचा आमच्या उदाहरणाशी मेळ घालून पाहिला तर ४ कोटी टनांवर १,२०० कोटी जमतात आणि ५ टक्के दराची घट ४,२१० कोटी आहे. २ कोटी टनांवर ६०० कोटी जमतात आणि घट १,२९० कोटी आहे. न्यायालयाने टक्केवारी विक्रीमूल्यावर लावली, खंडावर नाही. हे वसुलीला सोपे आहे आणि लपवाछपवीला त्यात वाव कमी, हे मान्य करावे लागेल. मात्र भाव चढला की खंड भावापेक्षा वेगाने वाढतो, कारण खर्च त्या प्रमाणात वाढत नाही, आणि अशा वर्षी विक्रीमूल्यावरचा ठराविक टक्का घटीच्या आणखी मागे पडतो.

खरा खंड किती, याचा बाजारातला पुरावा पुढे वेगळ्याच वाटेने मिळाला. १२ जानेवारी २०१५ रोजी केंद्राने अध्यादेश काढून खाणपट्टे लिलावानेच देण्याची तरतूद केली. त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत आणि त्या दिवशीही गोवा सरकार जुन्या पट्ट्यांचे नूतनीकरण करत होते. एकूण ८८ पट्ट्यांची ही नूतनीकरणे सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द केली आणि मार्चच्या मध्यात खाणी पुन्हा थांबल्या. २०२२ च्या अखेरीस डिचोलीपासून लिलाव सुरू झाले तेव्हा बोलीदारांनी, रॉयल्टीखेरीज, जाहीर सरासरी विक्रीभावाच्या ६० टक्क्यांहून अधिक, काही ठिकाणी तर ९० टक्क्यांच्याही वर वाटा द्यायची तयारी दाखवली. ज्या खनिजावर एकेकाळी टनाला काही रुपये मिळत होते, त्याच पट्ट्यातला हा दर आहे. या बोली जशाच्या तशा खंडाचे माप मानू नयेत, कारण जाहीर सरासरी भाव आणि प्रत्यक्ष विक्रीभाव यांत अंतर असते आणि चढाओढीत कोणी न परवडणारी बोलीही लावतो. तरीही २००४ ते २०१२ मध्ये खंडाचा मोठा भाग राज्याच्या हाती आला नाही, याची त्याहून ठळक खूण मला माहीत नाही.

रकान्यात न बसणारे

शिरगाव हे देवी लईराईच्या जत्रेसाठी ओळखले जाणारे डिचोली तालुक्यातले गाव. तिथल्या खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, खड्ड्यात झिरपणारे पाणी पंपाने उपसले जाऊ लागले आणि गावच्या विहिरी आटल्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत पोचला. सत्तरीत पिसुर्ल्याच्या शेतांत डंपावरून पावसात उतरणारा लाल गाळ साचला. वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, शेती करणाऱ्याला त्या गाळाच्या थराखाली जुनी माती हाताने चाचपून शोधावी लागते, आणि भात लावायचे की नुकसानभरपाईचा अर्ज करायचा एवढाच प्रश्न त्याच्यापुढे उरतो.

हिशेबात हे नुकसान कुठे धरायचे? माझ्या मते ते घटीत मिसळू नये, उत्खननाच्या खर्चात धरावे. विहीर आटल्यामुळे टँकरने आणावे लागणारे पाणी हा तो टन काढण्याचाच खर्च आहे, खाणचालकाने तो भरला नाही इतकेच. तो खर्चात धरला की खंड कमी होतो. १,८०० रुपयांच्या खंडातले तीनशे रुपये शिरगाव-पिसुर्ल्याचे असतील, तर खंड १,५०० च धरावा लागेल आणि ते तीनशे रुपये त्या गावांचे देणे म्हणून उभे राहतील. या मांडणीत सकल उत्पादन जसेच्या तसे राहते, निव्वळ उत्पादन मात्र खनिजाची घट आणि गावांचे नुकसान अशा दोन्ही बाजूंनी घटते.

राष्ट्रीय लेख्यांत हे बदलू लागले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२५ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत नैसर्गिक संपत्तीची घट उत्पादनाचा खर्च म्हणून धरली आहे, त्यामुळे ती निव्वळ देशांतर्गत उत्पादनातून वजा होईल. भारतात नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अखत्यारीतल्या शासकीय लेखा मानक मंडळाने २०२२ मध्ये राज्यांच्या खनिज आणि ऊर्जा साठ्यांचे लेखे संकलित केले. वर्षाच्या आरंभी साठा किती, वर्षात काढला किती आणि अखेरीस उरला किती, हे टनांत मांडणे ही त्यातली पहिली पायरी आहे. गोव्यासाठी दुसरी पायरी रुपयांची, आणि तिथे पहिली अडचण डंपांची येईल : पट्ट्याच्या आत आणि बाहेर पडलेला तो माल आरंभीच्या साठ्यात धरायचा, की ज्या वर्षी विकला जाईल त्या वर्षीची नवी भर म्हणून. आरंभीच्या साठ्यात धरला तर त्याच्या विक्रीतला खंड ही घट ठरेल आणि त्यातला मोठा हिस्सा कायम निधीत जायला हवा. नवी भर म्हणून धरला तर तीच रक्कम सरळ त्या वर्षीच्या उत्पन्नात येईल आणि अर्थसंकल्पात खर्चाला मोकळी होईल. डंपांतला माल विकण्याची तयारी चालू असताना हा रकाना आधी ठरायला हवा.